पुढची तारीख चुकू देऊ नकोस

आई महालक्ष्मी, तू लक्ष्मीतलावाच्या काठी बसलीस तेव्हापासून झाशीतल्या आम्हा मराठी घरांची दुखणी तुझ्याच कानावर येत आली आहेत. राणीसाहेबही तुझ्याच दर्शनाला येत. आज माझं मागणं ह्यांच्यासाठी आहे.

ह्यांच्या मोठ्या आतड्यातला कोंब, म्हणजे पॉलिप, डॉक्टरांनी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून काढला. पोटावर एक टाका नाही. रिपोर्टात कर्करोग निघाला नाही, पण कोंब सेंटिमीटरहून मोठा, अ‍ॅडिनोमा जातीचा होता. असा राहून गेला, तर दहा-एक वर्षांत त्याचा कर्करोग होऊ शकतो. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या या डॉक्टरांनी हा फास दुर्बिणीतून आत नेला. त्याआधी इतक्या आतल्या कोंबासाठी पोट उघडावं लागे. त्या दोघांचे उपकार तुझ्यापुढे हात जोडून आठवते.

कोंब पुन्हा येऊच नये, असं मागायला जीव धावतो. पण ज्याला एकदा आला त्याला आतड्यात दुसरीकडे नवा येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी तीन वर्षांनी बोलावलंय. ती तारीख आमच्याकडून चुकू देऊ नकोस. तेव्हा ह्यांना काही त्रास नसेल, ‘आता कशाला?’ असं घरातलंच कोणी म्हणेल. कोंब दुखत नाही गं आई, म्हणून तर भीती. पोट साफ करायचं ते नकोसं औषध शेवटच्या घोटापर्यंत ह्यांच्या गळी उतरू दे. आतडं स्वच्छ नसेल, तर लहान कोंब दुर्बिणीलाही सापडत नाही.

माझ्या हातच्या भाकरी-पालेभाजीने नवा कोंब येणं थांबावं, अशी फार आस होती. अमेरिकेत दोन हजारांच्या आसपास माणसांवर हे करून पाहिलं : चार वर्षं कमी तेल-तुपाचं, भाज्या-फळांचं जेवण. २००० साली निकाल आला, कोंब पुन्हा येणं कमी झालं नाही. वाचून मला रडू आलं. भाजी मी करीनच, ह्यांच्या हृदयासाठी. पण कोंब जिरवणारं चूर्ण म्हणून कोणी काही विकायला आलं, तर माझं मन तिकडे वळू देऊ नकोस. अ‍ॅस्पिरिनने थोडा फरक पडतो म्हणतात, पण त्याने रक्तस्रावही होतो. डॉक्टरांच्या शब्दाशिवाय ती गोळी नको. ह्यांची सिगारेट मात्र सोडव, आई. आणि आमच्या मुलांना चाळिशीत तपासणी करून घ्यायची बुद्धी दे, कारण हा धोका घराण्यात उतरतो.

ललितपूर, दतिया, महोब्याकडच्या खेड्यांतही कितीजण शौचातलं रक्त मूळव्याधीचंच समजून वर्षानुवर्षं मलम लावत बसतात. त्यांना कोणी वेळेवर दुर्बिणीच्या तपासणीला पाठवू दे. राणीसाहेबांच्या नावाचं मेडिकल कॉलेज १९६८ पासून इथे आहे. तिथे येणाऱ्या गरिबाला पुढची तारीख बुंदेलीत समजावणारं माणूस भेटू दे, आणि त्या दिवशी त्याच्याजवळ गाडीभाडं असू दे.