कॅमेरा बंद असताना

नट जे दुःख दाखवितो ते त्याला खरोखर होत असते काय, हा प्रश्न नाट्यविचारात जुना आहे. दिदरोने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या, परंतु त्याच्या मृत्यूनंतर १८३० साली प्रसिद्ध झालेल्या संवादात या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले आहे. त्याच्या मते थोर नट हा थंड डोक्याचा निरीक्षक असतो आणि त्याचे अश्रू हिशेबाने गाळलेले असतात. स्तानिस्लाव्हस्कीने हा पक्ष मान्य केला नाही. आजवरची चर्चा बहुधा या दोन टोकांच्या मध्ये फिरत राहिली आणि तिचा रोख प्रामुख्याने सत्य-असत्याच्या, खऱ्याखोट्याच्या निवाड्याकडे राहिला. परंतु समजा, नटाचे दुःख खरे आहे हे मान्य केले, तर पुढचा प्रश्न नीतीचा उरतो. ते दुःख कोणाचे? ते कामाला लावण्याचा अधिकार कोणाला? आणि ते वाया गेले तर त्याचा जाब कोणी द्यायचा? हे प्रश्न गंभीर ग्रंथांपेक्षा एका हास्यपटात अधिक नेटाने उपस्थित झालेले दिसतात. टॉम डिसिलो या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'लिव्हिंग इन ऑब्लिव्हिअन' (१९९५) हा तो चित्रपट होय.

डिसिलो मूळचा छायालेखक. जिम जारमुशच्या 'स्ट्रेंजर दॅन पॅरडाइज' (१९८४) या चित्रपटाचे छायालेखन त्याचे आहे. १९९१ सालच्या 'जॉनी स्वेड'नंतर त्याला पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळेना; त्या वैतागातून एक लघुपट तयार झाला आणि पुढे त्याला आणखी दोन भाग जोडून पूर्ण लांबीचा चित्रपट सिद्ध झाला. नटांपैकी काहींनी आणि त्यांच्या मित्रांनी स्वतःचे पैसे त्यात घातले. एकूण खर्च सुमारे ५ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मापाने चिल्लर. सन्डान्स महोत्सवात १९९५ साली त्याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कमध्ये अल्प भांडवलावर चाललेले एका चित्रपटाचे चित्रीकरण हाच चित्रपटाचा विषय असल्यामुळे पडद्यावरची ओढग्रस्ती आणि पडद्यामागची ओढग्रस्ती यांत फारसे अंतर उरत नाही.

ही ओढग्रस्ती केवळ पार्श्वभूमी नाही. विनोदाचे यंत्र तिच्यावरच चालते. ली स्ट्रॅसबर्गने न्यूयॉर्कच्या 'ॲक्टर्स स्टुडिओ'त रुजविलेल्या पद्धतीत, जिला सर्वत्र नुसते 'मेथड' म्हणतात तिच्यात, नटाने स्वतःच्या आयुष्यातील एखादा प्रसंग त्याच्या गंधस्पर्शासह आठवावा आणि त्या आठवणीतून उसळणारी भावना भूमिकेच्या हवाली करावी, अशी अपेक्षा असते. या साधनेला अवकाश लागतो, एकांत लागतो. स्वस्त चित्रपटाजवळ नेमके हेच दोन पदार्थ नसतात. त्याच्याजवळ मोजकी फिल्म असते, उसना कॅमेरा असतो आणि झोप न झालेली माणसे असतात. भावस्मृतीला लागणारा अनंत धीर आणि रिळावरचे मोजके फूट यांची टक्कर झाली की हसू येते. मात्र हे हसू नटाला हसणारे नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पहिल्या भागातील प्रसंग साधा आहे. निक रीव्ह (स्टीव्ह बुशेमी) हा दिग्दर्शक आई आणि मुलगी यांच्यातील एका दृश्याचे चित्रीकरण करीत आहे. मुलीची भूमिका निकोल (कॅथरिन कीनर) करते, आईची कोरा नावाची वृद्ध नटी. लहानपणी बाप भावाला मारत असताना आई गप्प का राहिली, हे मुलीला विचारायचे आहे. एका 'टेक'मध्ये ध्वनिग्राहक चौकटीत उतरतो, दुसऱ्यात बाहेरून मोटारीचा आवाज येतो, तिसऱ्यात चित्र धूसर होते, पुढे वृद्ध नटी वाक्य विसरते. निकोल प्रत्येक वेळी विहिरीत उतरते आणि प्रत्येक वेळी रिकामी घागर घेऊन वर येते. दर खेपेला पाणी खोल गेलेले असते. येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. स्तानिस्लाव्हस्कीचे सारे तंत्र रंगभूमीसाठी जन्मले : आज साधलेले उद्याच्या प्रयोगाला पुन्हा कसे साधावे, ही त्याची विवंचना. चित्रपटाला वरवर पाहता एकदाच साधलेले पुरते. मात्र ते 'एकदा' कोणते असेल हे नटाला ठाऊक नसते, कारण ते त्याच्या हाती नसून तंत्रज्ञांच्या हाती असते. दिवा नवा लावता येतो, रीळ नवे भरता येते. नटीचे अंतःकरण तेवढे पुन्हा भरता येत नाही, आणि ते तसे भरता येते असे गृहीत धरूनच सारा व्यवसाय चालतो.

अखेर निक दोघींना नुसती उजळणी करावयास सांगतो. उजळणीत कोरा सहज एक हावभाव करते आणि त्यातून निकोलच्या मनात स्वतःच्या आईची आठवण जागी होते. त्यानंतर ती जे बोलते त्यात अभिनय आणि आत्मकथन यांतील रेषा पुसली जाते. दृश्य सोन्यासारखे होते. कॅमेरा बंद आहे. छायालेखक वुल्फ नासके दूध पोटात गेल्यामुळे त्या वेळी शौचालयात ओकत आहे.

प्रेक्षक येथे खदखदून हसतो, आणि हसल्यावर अस्वस्थ होतो. काय वाया गेले? सर्वांची समजूत अशी की एक अपूर्व दृश्य वाया गेले. परंतु निकोलच्या बाजूने पाहिले तर तिला आपल्या आईचे क्षणभर सान्निध्य लाभले, आणि ते चोरण्यासाठी त्या क्षणी तेथे कोणी नव्हते. नाटकात प्रत्येक प्रयोग विरून जातो, म्हणून एखादा विरला तर कोणी हळहळत नाही. चित्रपटात मात्र न टिपलेला क्षण हा 'गमावलेला' क्षण ठरतो. दुःखाची किंमत ते साठवून ठेवण्याजोगे आहे काय यावर ठरावी, ही त्या माध्यमाची मूक अट आहे.

या अटीला 'मेथड'ने अजाणता साथ दिली असे म्हणता येईल. स्टेला ॲडलरने १९३४ साली पॅरिसमध्ये स्तानिस्लाव्हस्कीची भेट घेतली आणि परत येऊन आपल्या 'ग्रुप थिएटर'च्या सहकाऱ्यांना सांगितले, की तो स्वतः आता भावस्मृतीवर भर देत नाही. नाटककाराने दिलेली परिस्थिती, कल्पनाशक्ती आणि कृती यांवर त्याची भिस्त आहे. स्ट्रॅसबर्गला हे पटले नाही, आणि दोघांची वाट वेगळी झाली. हा वाद तंत्राचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो मालकीचा वाद आहे. कल्पनेतून निर्माण केलेले दुःख नट देऊ शकतो, कारण ते त्याने घडविलेले असते. आठवणीतून खणून काढलेले दुःख त्याने घडविलेले नसते. त्यात दुसरी माणसेही असतात, बहुधा मेलेली, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

भारतीय नाट्यविचाराला ही अडचण अपरिचित नाही, जरी तिची मांडणी वेगळी आहे. भरताने अश्रुरोमांचादी सात्त्विक भावांसाठी मनाची एकाग्रता आवश्यक मानली. तेवढ्यापुरता तो स्तानिस्लाव्हस्कीच्या शेजारी बसू शकेल. अभिनवगुप्ताने मात्र रसविघ्नांची गणना करताना स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न मानले आहे. तो विचार प्रेक्षकाला अनुलक्षून आहे हे खरे, आणि तो नटाला जसाच्या तसा लावणे बरोबर होणार नाही. तरीही नट हे केवळ पात्र आहे, रसाचे स्थान नव्हे, ही त्याची भूमिका लक्षात घेता निकोलची उजळणी त्याला कितपत मानवली असती, याची शंका येते. ते दुःख साधारणीकृत झालेले नव्हते. ते एका बाईचे होते.

मराठी रंगभूमीवर याच्या नेमकी उलट कथा आदराने सांगितली जाते. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरीही त्यांनी प्रयोग केला. येथे दुःख भूमिकेत ओतायचे नव्हते, भूमिकेबाहेर थोपवून धरायचे होते. मात्र ही कथा सांगताना कंठ दाटून येणाऱ्या रसिकाला त्या घरात त्या रात्री काय झाले असेल, हा प्रश्न क्वचितच पडतो. दुःख वापरा किंवा दडवा. दोन्हीकडे ते प्रयोगाच्या सेवेला लावलेले असते.

'लिव्हिंग इन ऑब्लिव्हिअन'च्या पहिल्या भागाला आणखी एक पदर आहे, आणि समीक्षेने त्याकडे द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही. एक बारीक आवाज वाजू लागतो, तो कोठून येतो ते सापडत नाही, निकचा तोल सुटतो, आणि तो जागा होतो. सारे स्वप्न होते. दुसऱ्या भागातील गोंधळ निकोलचे स्वप्न ठरतो. तिसऱ्या भागात निकची खरी आई चित्रीकरणस्थळी येते, आणि तिचा चेहरा पहिल्या भागातील कोराचाच असतो. दोन्हीकडे रिका मार्टेन्स हीच अभिनेत्री आहे. याचा अर्थ असा, की पहिल्या भागात आईची आठवण निकोलला झालेली नाही. ती निकला झालेली आहे. आपल्या आईविषयीचे जे काही त्याच्या मनात साचले होते ते त्याने स्वप्नात एका नटीच्या तोंडी घातले, तिला रडविले, आणि ते टिपले जाणार नाही अशी व्यवस्थाही स्वतःच केली. भावस्मृतीचा प्रयोग दिग्दर्शकावर झाला. वेदनेचा भार नटीने वाहिला. अभिनयपद्धतीवर यापेक्षा कठोर टीका शोधूनही सापडणार नाही, आणि ती केवळ एका नटीच्या निवडीतून केलेली आहे.

स्वप्नातला हा व्यवहार निरुपद्रवी वाटेल. जागेपणी तो तसा राहत नाही. 'लास्ट टँगो इन पॅरिस' (१९७२) या चित्रपटातील कुप्रसिद्ध प्रसंगाविषयी मारिया श्नायडरने २००७ साली सांगितले, की त्यात आपल्याला अपमानित झाल्यासारखे वाटले आणि आपले अश्रू खरे होते. दिग्दर्शक बेर्तोलुच्चीने २०१३ साली कबुली दिली, की त्या प्रसंगातील एक तपशील त्याने आणि ब्रँडोने तिला मुद्दाम सांगितला नव्हता. त्याला नटीची नव्हे, तर एका मुलीची प्रतिक्रिया हवी होती. तोवर श्नायडर हयात नव्हती. अस्सलपणाच्या आग्रहाचे हे तर्कशुद्ध टोक आहे. नटाने खरे व्हावे असे एकदा ठरले, की त्याला नट राहू न देणे हाच सर्वांत जवळचा मार्ग ठरतो.

दुसऱ्या भागाबद्दल फारसे लिहिण्याजोगे नाही. चाड पालोमिनो (जेम्स ल ग्रोस) हा आत्ममग्न तारा दर वेळी आपल्या हालचाली बदलतो आणि त्याला 'शोध' म्हणतो. हे पात्र ब्रॅड पिटवरून बेतले आहे अशी कुजबुज तेव्हा झाली, ती डिसिलोने नाकारली. ताऱ्यांची खिल्ली उडविणे सोपे असते आणि हा भाग त्या सोपेपणावर समाधान मानतो.

तिसरा भाग मात्र पुन्हा मूळ प्रश्नाला भिडतो. स्वप्नदृश्याचे चित्रीकरण चालू आहे. निकोल नववधूच्या वेशात उभी आहे आणि टिटो नावाच्या ठेंगू नटाने हातात सफरचंद धरून तिच्याभोवती फिरायचे आहे. (ही भूमिका पीटर डिंकलिजची, त्याची पहिलीच.) निक त्याला हसण्यास सांगतो. का हसायचे, असे टिटो विचारतो. नटाने 'माझ्या पात्राचा हेतू काय?' असे विचारणे हा नटांवरील विनोदांतला सर्वांत झिजलेला विनोद. प्रेक्षक सवयीने हसायला तयार होतो. परंतु टिटो थांबत नाही. कोणाच्या स्वप्नात ठेंगू माणूस येतो काय, असे तो सर्वांना विचारतो. आपल्या स्वतःच्या स्वप्नातही तो येत नाही, असे सांगतो आणि काम सोडून निघून जातो. ज्या प्रश्नाची टवाळी व्हायची तोच प्रश्न अचानक संपूर्ण रास्त ठरतो. मी येथे का आहे, हे नटाचे विचारणे एरवी लाडावलेपण वाटते. येथे ते एका माणसाने आपल्या देहाचा प्रतीक म्हणून होणारा वापर नाकारणे आहे. निककडे उत्तर नाही. विनोदाचा बाण नटाकडून सुटून दिग्दर्शकाकडे वळतो, आणि तो तेथेच रुततो.

यानंतर जे घडते ते चित्रपटाचे यश मानले गेले आहे. येथे थोडा मतभेद नोंदविणे भाग आहे. निक स्वप्नदृश्य सोडून देण्याच्या बेतात असताना त्याची आई, जिचे चित्त ठिकाणावर नाही, ते सफरचंद हस्तगत करते आणि दृश्य अनपेक्षितपणे जमून जाते. तिला कोणतीही पद्धत ठाऊक नाही, म्हणून ती अस्सल, असा येथे सूर आहे. तो गोड आहे, पण टिटोने विचारलेला प्रश्न तिच्या बाबतीत कोणीच विचारत नाही. टिटो 'नाही' म्हणू शकला. तिला आपण कशात सामील झालो आहोत हे तरी कळले काय? चित्रपटाने उपहासाने जे उघडे पाडले ते वात्सल्याच्या पदराखाली पुन्हा झाकले, असे येथे वाटल्याखेरीज राहत नाही.

आणि तरीही त्यानंतरचा अर्धा मिनिट विसरता येत नाही. दृश्य पुरे झाल्यावर ध्वनिमुद्रक खोलीचा नुसता आवाज टिपण्यासाठी सर्वांना स्तब्ध उभे राहण्यास सांतो. संकलनात संवादांमधल्या फटी भरण्यासाठी ही रिकामी शांतता लागते. प्रत्येक चित्रीकरणाचा तो कंटाळवाणा नित्यनियम आहे. कोणी अभिनय करीत नाही, कोणाला काही आठवायचे नाही. माणसे जेथल्या तेथे उभी असतात आणि प्रत्येकाच्या मनात काहीतरी चाललेले असते. निक मनातल्या मनात पुरस्कार स्वीकारीत आहे. आई त्याच्याजवळ आहे. ध्वनियंत्र चालू आहे, आणि त्याच्यावर यातले काहीच उमटत नाही.