बोंडातील अळी आणि निर्मात्याची योजना

उत्क्रांतीचा विषय निघाला, की आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ भाविकांना डार्विन, माकड आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय एवढेच आठवते. वास्तविक इतके दूर जाण्याचे कारण नाही. मलकापूर-नांदुऱ्याकडील कपाशीची बोंडे फोडून पाहावीत. उत्क्रांती तेथे आपल्या डोळ्यांदेखत घडली आहे.

मातीतील एका जिवाणूचे जनुक घातलेली बीटी कपाशी २००२ साली भारतात आली. दोन जनुकांचे वाण २००६ साली आले. या जनुकामुळे झाडात तयार होणारे प्रथिन अळीच्या आतड्याला ठरावीक जागी चिकटते व अळी मरते. परंतु लक्षावधी अळ्यांत काही थोड्या जन्मतःच अशा निघतात, की त्यांच्या आतड्यातील ती जागाच बदललेली असते. हा बदल विष पाहून झालेला नसतो. अळी काही शिकत नाही. बाकीच्या मेल्या, या उरल्या, आणि यांचीच वीण वाढली. एका हंगामात अनेक पिढ्या! पहिल्या जनुकाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी गुजरातेत आढळल्याचे २०१० साली जाहीर झाले, आणि २०१७ च्या हंगामात दोन्ही जनुकांची कपाशी तिने विदर्भात पोखरली. निसर्गनिवड म्हणतात ती हीच. तिला हेतू नाही, दया नाही, रागही नाही.

'पण अळी अळीच राहिली ना?' असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. मात्र जिवाणूचे जनुक कपाशीला वाचता आले, ते कसे? जीवनाची लिपी जिवाणूत, कपाशीत, अळीत आणि आपल्यातही एकच आहे म्हणून. सर्व जीवांचे मूळ एक असल्याची ही बोलकी साक्ष होय.

ख्रिस्तसभेला याचे भय नाही. पोप बारावे पायस यांनी १९५० साली मानवी देहाच्या उगमाविषयी संशोधनास मुभा दिली. आत्मा परमेश्वरच निर्माण करतो, एवढे बजावून. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली उत्क्रांतीला गृहीतकाहून अधिक मानले. निर्मात्याने निर्मितीलाही कारण होण्याची प्रतिष्ठा दिली, हे संत थॉमस अक्वायनस यांनी केव्हाच सांगून ठेवले होते.

खरा पेच निराळाच आहे. कर्जात बुडालेला शेतकरी विचारतो, "फादर, आमचं असं कोणतं पाप झालं?" याला देवाची शिक्षा म्हणणे मला साफ अमान्य आहे. सिलोआमचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभू येशूने स्पष्ट सांगितले. निसर्गनियम पाप-पुण्य पाहत नाही. माणसाला मात्र पाहावे लागते.

बीटीच्या पिशवीबरोबर बिगर-बीटी बियाण्याचे लहान पाकीट मिळत असे. त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांशी उरलेल्या पतंगांचा संकर व्हावा आणि प्रतिकार पसरू नये, ही योजना. बहुतेकांनी ते पाकीट पेरले नाही. दोन एकरवाल्याने अळीसाठी ओळी सोडाव्यात तरी कशा? त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते. फरदडीचे तसे नाही. विहिरीला पाणी असलेला शेतकरी चार वेचे अधिक मिळावेत म्हणून पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवतो. अळीच्या पिढ्या तिच्यावर पोसल्या जातात, आणि पुढच्या हंगामात पतंग बांध ओलांडून कोरडवाहू शेजाऱ्याच्या पहिल्याच फुलांवर उतरतात.