सरत्या वर्षाचा निवाडा

‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात समर्थ रामदासांनी आधी मूर्खलक्षणं सांगितली आणि लगेच पुढच्या समासात उत्तम लक्षणं. टाकायचं काय नि घ्यायचं काय, दोन्ही स्पष्ट! वर्षभरात पाहिलेल्या सिनेमांचा निवाडाही असाच करावा.

चांगल्या सिनेमाचं उदाहरण म्हणून २००४ साली आलेला ‘श्वास’ आठवा. शस्त्रक्रियेनंतर नातवाची दृष्टी कायमची जाणार. म्हणून आजोबा त्याला आधी शहर दाखवायला घेऊन जातात, त्याच्या डोळ्यांत जग साठवतात. ना मारामारी, ना भपका. तरी आपला कंठ दाटून येतो. ‘श्यामची आई’नंतर तब्बल ५० वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीत आला, तो ‘श्वास’मुळे.

चांगला सिनेमा परक्याचं दुःख आपलंसं करतो. वाईट सिनेमा त्याच दुःखाचा बाजार मांडतो, मग खर्च कितीही कोटींचा असो.

आज घरी सगळे जेवायला बसाल, तेव्हा यंदाचा सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट सिनेमा कोणता, ते एकमेकांना विचारा. आणि का, तेही जरूर सांगा. पारख अशीच वाढते.