सोंग कुणाचं, गुन्हा कुणाचा?

‘राष्ट्रीय सिनेमा’ म्हटलं की मला पहिला सवाल पडतो : ह्या राष्ट्रात मी कुठं? पडद्यासमोर आम्ही होतोच, पुढच्या बाकड्यावर, शिट्ट्या मारत. पडद्यावर कोण होतं?

१९३६ च्या ‘अछूत कन्या’त अस्पृश्य पोरगी झाली देविकाराणी. शेवटी ती आगगाडी थांबवायला जाते नि मरते. १९५९ च्या ‘सुजाता’त नूतन. रक्त दिलं तेव्हा कुठं ती घरची झाली. मरा, नाहीतर रक्त द्या. मग तुम्ही माणूस! दोघींनी कामं झकास केली, नाही म्हणत नाही. लोक रडले. मीही रडलो.

आता उलटं बघा. १९३० च्या सुमारास त्रिवेंद्रमला जे. सी. डॅनियल ह्यांच्या ‘विगतकुमारन’ ह्या मूकपटात रोझी नावाची दलित बाई नायर स्त्री झाली. सवर्ण खवळले. पडद्यावर दगड मारले, तिचं घर जाळलं. मल्याळम सिनेमाची पहिली नायिका परागंदा झाली. आज ती फिल्मही उरलेली नाही.

म्हणजे त्यांनी आमचं सोंग घेतलं तर कला, आम्ही त्यांचं घेतलं तर गुन्हा.

२०१३ च्या ‘फँड्री’त नागराज मंजुळेंच्या जब्यानं दगड भिरकावला, थेट प्रेक्षकावर. पटलं. पण पुढं काय? आम्ही फक्त आमचीच दुःखं दाखवायची, एवढीच जागा मिळणार असेल तर तो पडद्यावरचा महारवाडाच की! मला रोझीचा हक्क पाहिजे, कुणाचंही सोंग घेण्याचा. तो मिळेतोवर ह्या सिनेमाला राष्ट्रीय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.