उरलेला पाय

सर्जिकल वॉर्डातली तिची ही पहिलीच नाइट. नर्सिंगचं दुसरं वर्ष, गणवेशाची इस्त्री अजून कडक. कोपऱ्यातल्या खाटेवर बीडकडून ऊसतोडीला आलेले काका होते. तोडणीत धसकट तळव्यात घुसलं, पण शुगरनं पाय आधीच बधिर झालेला. दुखलं नाही म्हणून ते फडातच राबत राहिले आणि पाय काळा पडल्यावर दवाखान्यात आले. उजवा पाय गुडघ्याखालून कापल्याला तीन दिवस झाले होते.

रात्री दोनला त्यांनी हाक मारली. "पोरी, अंगठा दुखतोय. उजवा."

ती गोंधळली. मग जमेल तेवढ्या मायेनं म्हणाली, "काका, उजवा पाय नाहीये आता."

"ते ठाऊक हाय मला," म्हणत काका भिंतीकडे वळले.

तिला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की माणूस काहीतरी करून मोकळा होतो. तिनं मऊशी उशी आणून त्यांच्या गुडघ्याखाली सरकवली. काकांना बरं वाटलं. तिलाही.

सकाळी इन्चार्ज सिस्टरांनी पांघरूण उचललं आणि उशी ओढून काढली. "अगं, गुडघा असाच वाकून राहिला तर आखडेल. मग जयपूर फूट बसवून चालणार कसे? पाय डॉक्टरांनी कापला, गुडघा तू घालवशील." त्या दिवसापासून काकांना दिवसातून तीनदा पालथं झोपवणं सुरू झालं. झोपवणारीला ते अस्सल बीडच्या शिव्या घालत.

"आणि सिस्टर, त्यांना भास होतात," तिनं हळूच सांगितलं.

सिस्टर खाटेशी टेकल्या. "काका, अंगठा सरळ आहे की वळलाय?"

काकांनी चमकून पाहिलं, मूठ आवळून दाखवली. "असा. आत दाबल्यावानी. सुटंना झालाय." तीन दिवसांत ते पहिल्यांदाच एवढं बोलले.

अमेरिकेच्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवर उपचार केलेल्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरनं १८७१ साली या प्रकाराला नाव दिलं: भुताचा अवयव. नाव भुताचं असलं तरी दुखणं खरंच असतं. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा शाबूत राहते. १९९०च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी त्यावर आरशाचा उपाय सुचवला. सिस्टरांनी चेंजिंग रूममधला आरसा काढून आणला, काकांच्या दोन पायांमध्ये उभा धरला आणि म्हणाल्या, "डावा अंगठा उघडा, आरशात बघत." आरशात उजवा अंगठा उघडला. काका बराच वेळ बघत राहिले. "सैल पडला," म्हणाले. सगळ्यांनाच याचा गुण येतो असं नाही, आणि काकांचाही अंगठा रात्री पुन्हा वळायचाच.

आरसा धरायचं काम मग तिच्याकडे आलं. एका दुपारी तो हातात तिरका झाला आणि त्यात डाव्या पायाची टाच दिसली. खोल भेग, कडा ओलसर. रोज ड्रेसिंग बघणाऱ्या तिनं, डॉक्टरांनी, कुणीच हा पाय उचलून पाहिला नव्हता.

"काका, हे दुखत नाही?"

"न्हाई. त्यो पाय चांगलाय. कधीच दुखत न्हाई."

ती उठली आणि जवळजवळ पळतच सिस्टरांकडे गेली.

घरी सोडायच्या दिवशी काकू बोचकं बांधत होत्या. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. त्यांचा कोयता आता अर्धा झाला होता आणि मुकादमाची उचल अजून फिटायची होती. त्यातूनही त्यांनी बाजारातून छोटा आरसा आणला होता. तो तळव्याखाली कसा धरायचा, बोटांच्या बेचक्यांत काय बघायचं, हे पोरीनं दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा काकूंनी आरसा धरला तो नेमका उजवीकडे, पट्टीसमोर.

"आधी डावा दाव," काका म्हणाले. "उजवा आपला आपण सांगतो."