‘तुम्ही’ आणि ‘मी’ : संदेष्ट्यांची वाणी व पश्चात्तापाचा प्रश्न

हिब्रू संदेष्ट्यांची वचने वाचताना वाचकापुढे उभा राहणारा पहिला प्रश्न श्रद्धेचा नसतो, तो संबोधनाचा असतो. आमोस, यशया, यिर्मया किंवा यहेज्केल ज्याला उद्देशून बोलतात तो ‘तुम्ही’ बहुतांशी एक समाज आहे : न्यायासनावर बसून लाच घेणारे, खोट्या मापाने धान्य विकणारे, विधवेची व अनाथाची बाजू न ऐकणारे आणि तरीही मंदिरात बली अर्पून निश्चिंत मनाने घरी परतणारे. इसवी सनापूर्वी आठव्या ते सहाव्या शतकांत विशिष्ट राज्यांतील विशिष्ट लोकांना उद्देशून उच्चारलेली ही वाणी अडीच हजार वर्षांनंतरची एखादी व्यक्ती ‘ही मलाच उद्देशून आहे’ असे मानून वाचते, तेव्हा नेमके काय घडते? त्या वाचनात मूळ आरोपाचे काय होते? तो अधिक जवळ येतो, की व्यक्तीच्या अंतःकरणात विरघळून नाहीसा होतो?

हा प्रश्न मला तीव्रतेने जाणवला तो गडहिंग्लज येथे पदवीच्या वर्गाला पंडिता रमाबाई शिकवताना. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जून 1905 मध्ये जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्याचा उल्लेख ओघात आला. वेल्समधील 1904-05 च्या पुनरुज्जीवनाच्या वार्ता केडगावी पोहोचल्या होत्या. प्रार्थनेसाठी जमलेल्या मुली व स्त्रिया आपापली पापे आठवून मोठमोठ्याने रडू लागल्या, एकमेकींपुढे कबुली देऊ लागल्या. हे ऐकून एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, या मुली तर दुष्काळातून आणि वैधव्यातून वाचलेल्या होत्या. त्यांनी कशासाठी रडायचे? रडायला हवे होते ते त्यांना टाकून देणाऱ्यांनी.” तासाची घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

विद्यार्थिनीच्या आक्षेपाला संदेष्ट्यांच्या ग्रंथांचाच आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्या ग्रंथांत विधवा आणि अनाथ हे आरोपी म्हणून येत नाहीत. त्यांच्याशी झालेला व्यवहार हा समाजाविरुद्धचा पुरावा म्हणून येतो. रमाबाईंच्या लेखनातही हे संबोधन आढळते. 1887 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या इंग्रजी ग्रंथात त्यांनी उच्चवर्णीय समाजातील स्त्रीच्या, विशेषतः विधवेच्या, स्थितीची जी मांडणी केली, तिचा रोख समाजाकडे आहे. मग 1887 पासून 1905 पर्यंतच्या प्रवासात ‘तुम्ही’चा ‘मी’ झाला, आणि तो झाला तोही चुकीच्या व्यक्तीच्या मुखी, असे म्हणावयाचे काय?

येथे शब्दांचा विचार उपयोगी पडतो. आपल्या संतवाङ्मयात ‘अनुताप’ ही भक्तीची पूर्वअट आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘पश्चात्ताप’ हा शब्द रूढ झाला. दोन्ही शब्दांत ‘ताप’ आहे, म्हणजे अंतरीचा दाह आहे. हिब्रूत मात्र दोन वेगळी क्रियापदे आढळतात. ‘नाखाम’ म्हणजे खेद वाटणे, मन द्रवणे. आणि ‘शूव’ म्हणजे वळणे, परत फिरणे. संदेष्टे लोकांना हाक देतात ती प्रामुख्याने ‘शूव’ या क्रियापदाने. हा शब्द वाटेवरचा आहे, पायांचा आहे. आपण कोठे चाललो आहोत हे ओळखून उलट दिशेने चालू लागणे, असा त्याचा अर्थ. दाह ही भावना आहे आणि ती निर्दोष माणसालाही होऊ शकते. परत फिरणे ही कृती आहे, आणि ती ज्याने वाट सोडली त्यालाच करता येते.

आता संबोधनाकडे वळू. दावीद राजाने आपल्या सैनिकाची पत्नी बळकावून त्या सैनिकाला युद्धात मारविले. त्यानंतर नाथान संदेष्टा राजाला एक गोष्ट सांगतो : एका श्रीमंताने गरीब शेजाऱ्याची एकुलती एक कोकरी हिरावून घेतली. राजा संतापून त्या श्रीमंताला मृत्युदंड सुनावतो, तेव्हा नाथान त्याला सांगतो की तो श्रीमंत दुसरा कोणी नसून राजा स्वतःच आहे. आमोसाच्या ग्रंथाच्या आरंभीही हीच रचना आहे. दमास्कस, गाझा, सोर अशा शेजारी राज्यांचे अपराध एकेक करून सांगितले जातात, श्रोते मान डोलावतात, आणि शेवटी बोट त्यांच्याच राज्याकडे वळते. ही वाणी श्रोत्याला आधी न्यायाधीशाच्या आसनावर बसवते आणि मग त्याच आसनावर त्याला आरोपी ठरवते. ‘ही मलाच उद्देशून आहे’ असे म्हणण्याचा अधिकार या रचनेतूनच प्राप्त होतो. मात्र त्याला एक अट आहे : मी गोष्टीतील श्रीमंताच्या जागी असलो पाहिजे. ज्याची कोकरी गेली त्याला नाथान काहीच विचारत नाही.

मग केडगावच्या मुलींचे काय? येथे रमाबाईंनी 1887 मध्येच नोंदवलेली एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पतीचा मृत्यू हे विधवेच्या पूर्वजन्मीच्या घोर पापाचे फळ आहे, असे मानले जाई. म्हणजे या मुलींवर पापाचा भार आधीच लादलेला होता. त्या पापाला नाव नव्हते, त्याची आठवण नव्हती, आणि या जन्मी त्यातून सुटकाही नव्हती. बाबिलोनच्या बंदिवासातील लोकांमध्ये प्रचलित असलेल्या एका म्हणीचा यहेज्केल असाच निषेध करतो. वडिलांनी आंबट द्राक्षे खावीत आणि मुलांचे दात आंबावेत, या न्यायाला तो नकार देतो. ज्याचे कर्म त्याचाच दोष, असे बजावतो. केडगावच्या मुलीने चोरीची, खोटेपणाची, मत्सराची कबुली दिली असेल, तर ते पाप तिचे स्वतःचे होते, त्याला नाव होते आणि त्याला क्षमा होती. पूर्वजन्मीच्या अनाम पापाच्या जागी या जन्मीचे नाव असलेले पाप येणे, हे एका अर्थी तिला माणूस म्हणून मिळालेले स्थान होते. तिचे रडणे केवळ दैन्याचे होते असे मला म्हणवत नाही.

परंतु याने आक्षेपाचे अर्धेच उत्तर होते. उरलेले अर्धे माझ्याच घरात आहे, असे मला पुढे उमगले. माझ्या आजोबांची एक थोरली बहीण बालविधवा होती. लाल आलवणातील ही आत्याआजी माझ्या लहानपणी माजघरापलीकडच्या खोलीत राहत असे. पणजोबांच्या मृत्यूनंतर, 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिला मिळालेला वाटा हक्कसोडपत्रावर अंगठा घेऊन भावाच्या नावे झाला. हिरण्यकेशीकाठच्या त्या उसाच्या जमिनीच्या उत्पन्नावर माझे शिक्षण झाले, पीएच.डी.पर्यंत. तो अंगठा मी घेतला नव्हता. यहेज्केलच्या न्यायाने मी निर्दोष आहे, आणि या निर्दोषपणात मी वर्षानुवर्षे समाधानी होतो. वर्गात विद्यार्थिनीने प्रश्न विचारला तेव्हाही माझी मान डोललीच होती.

तथापि यहेज्केल तेथेच थांबत नाही. नीतिमान माणसाचे वर्णन करताना आणि परत फिरलेल्या दुष्टाचे वर्णन करताना तो एक अगदी व्यावहारिक गोष्ट सांगतो : असा माणूस गहाण ठेवलेली वस्तू परत करतो, लुबाडलेले परत देतो. दोष वारशाने येत नाही हे खरे, पण जमीन वारशाने येते. जे माझे कृत्य नाही त्याबद्दल जळत राहण्यास संदेष्टा मला सांगत नाही. जे माझ्या हातात आहे त्याचे काय करणार, एवढेच तो विचारतो. योनाच्या ग्रंथात निनवेचा राजा साऱ्या नगरासाठी फर्मान काढतो, पण त्या सामुदायिक फर्मानात प्रत्येकाने आपापल्या हातातील जुलमापासून फिरावे अशी आज्ञा आहे. ‘तुम्ही’ आणि ‘मी’ यांचा सांधा मला येथे दिसतो. अपराध सर्वांचा असला तरी हात ज्याचा त्याचा असतो. मिश्ना या यहुदी संहितेत म्हटले आहे की, देवाने निनवेकरांचे गोणपाट आणि उपवास पाहिले असे ग्रंथ म्हणत नाही. त्याने त्यांची कृत्ये पाहिली असे म्हणतो.

योनाचा हा ग्रंथ यहुदी परंपरेत योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी वाचला जातो. आपल्या कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाज या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत असे. दारे लावून घ्यावयाची, उपवास करावयाचा आणि बाहेरच्या जगाशी संबंध ठेवावयाचा नाही. बंद दारामागील हे एकांतपण आवश्यकच आहे, कारण तेथेच ‘तुम्ही’चा ‘मी’ होतो. पण मिश्नेचा नियम असाही आहे की, हा दिवस मनुष्य आणि देव यांमधील पापांची क्षमा करतो. मनुष्य आणि मनुष्य यांमधील पापाची क्षमा, ज्याचा अपराध केला त्याचे समाधान होईपर्यंत नाही. दार पुन्हा उघडावेच लागते.

रमाबाईंनी ते उघडले होते. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील गेले होते; उपासमार त्यांनी सोसली होती. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली-स्त्रियांना त्यांनी आणले. त्यांच्या श्रद्धेचा अर्थ 1905 च्या अश्रूंबरोबरच या प्रवासातही शोधला पाहिजे. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी निधन होण्यापूर्वी ते पुरे केले. सामान्य स्त्रीला ते थेट वाचता यावे, हा त्यामागील हेतू होता. विधवेची बाजू घेणारी यशयाची वाणी स्वतः विधवेनेच वाचली, तर ती तिला आरोप म्हणून नव्हे, साक्ष म्हणून ऐकू येईल.

म्हणून त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर असे : तुझा प्रश्न योग्य आहे, पण तो केडगावला विचारण्याआधी मला विचारावयास हवा होता. आत्याआजी आता हयात नाही. तिचे समाधान करणे मला शक्य नाही. जमीन मात्र अजून आमच्या नावावर आहे, आणि माझ्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी असा घरात आग्रह चालू आहे. त्या कागदावर माझे नाव लाभार्थी म्हणून आहे. तो कागद मी करू देणार नाही, एवढेच आज मला म्हणता येते.