फुकटचा रणगाडा

दिवाळीच्या सुट्टीत मुले किल्ला करतात. त्याला माती फुकट मिळते. मावळे मात्र बाजारातून विकत आणावे लागतात. लहानपणी दर वर्षी मी हे करीत आलो, पण त्याचा विचार करण्याची पाळी सत्तरी ओलांडल्यावर आली, आणि तीही एका रणगाड्यामुळे. रणगाडा खराखुरा नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचा. पण त्याने मला दिलेला दणका खरा होता.

मी दौंडचा. उभी हयात रेल्वेत गार्ड म्हणून गेली. मुलगा शिरूरला असतो, रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरीला. चौफुल्यावरून न्हावरे आणि न्हावऱ्यावरून शिरूर असा एसटीचा प्रवास करून महिन्याकाठी मी त्याच्याकडे चार दिवस राहून येतो. तेथे माझा खरा यजमान म्हणजे माझा तेरा वर्षांचा नातू. एका संध्याकाळी तो म्हणाला, "आबा, तुम्हाला रणगाडा चालवायचाय का? फुकट आहे!"

'फुकट' हा शब्द ऐकला की जन्मभर पासावर प्रवास केलेल्या माणसाचे कान टवकारतात. मी चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून बसलो.

खेळाचे नाव 'वर्ल्ड ऑफ टँक्स'. बेलारूसमधील मिन्स्क शहरात १९९८ साली निघालेल्या वॉरगेमिंग नावाच्या कंपनीने तो तयार केला. २०१० साली तो प्रथम रशियात आला आणि २०११ पासून जगभर पसरला. दोन बाजू, एकेका बाजूला पंधरा रणगाडे आणि प्रत्येक रणगाड्यामागे कुठल्या तरी देशातला एक जिवंत माणूस. तिसांपैकी सहसा कोणी कोणाला ओळखत नाही. लढाई फार तर पंधरा मिनिटांची. समोरचे सारे रणगाडे मोडा, नाहीतर त्यांच्या तळावरच्या वर्तुळात ठाण मांडून बसा.

मला वाटले होते, धडाधड गोळे झाडायचे एवढाच हा पोरखेळ असेल. पहिल्या दहा लढायांत मी मिनिटा-दोन मिनिटांत गारद झालो, तेव्हा माझा गैरसमज दूर झाला. नातू शिकवू लागला. "आबा, शत्रूसमोर सरळ तोंड करून उभे राहू नका. गाडा जरा तिरपा ठेवा." तिरप्या पत्र्यातून आत शिरायला गोळ्याला अधिक जाड पोलाद कापावे लागते, ही गोष्ट खऱ्या रणांगणावरही तितकीच खरी आहे. झुडपाआड दडावे, पण गोळा झाडला की जागा उघडी पडते हे विसरू नये. शत्रूच्या नजरेत आपण आलो की पडद्यावर एक दिवा लागतो. पण तो लागतो सुमारे तीन सेकंदांनी. माझ्या नोकरीत सिग्नल असा उशिरा लागून चालले नसते. संसारात मात्र तो बहुधा असाच लागतो. आणि प्रत्येक गोळ्याने होणारी हानी ठरल्यापेक्षा पाव हिश्शापर्यंत कमी किंवा अधिक होऊ शकते. म्हणजे खेळ रचणाऱ्यांनी दैवालाही त्याची चौथाई देऊन ठेवली आहे! थोडक्यात सांगायचे तर खेळ उत्तम आहे. त्यात सबुरी लागते, जमिनीचा चढउतार वाचावा लागतो आणि सोबत्यासाठी थांबावे लागते. म्हातारपणाला साजेल असा वेगही त्याला आहे. मला तो मनापासून आवडला.

मग हा एवढा खटाटोप फुकट कसा? हळूहळू उमगत गेले. लढाईनंतर चांदीची नाणी मिळतात. त्यातूनच गोळे घ्यायचे आणि मोडका गाडा दुरुस्त करायचा. पहिल्या पायऱ्यांवर हा खर्च सहज भागतो. मोठे गाडे हाती आले की हरलेली लढाई पदराला खार लावून जाते आणि मग माणूस सोन्याकडे पाहू लागतो. हे सोने खऱ्या पैशांनी मिळते. त्याने खास रणगाडे घेता येतात. पैसे भरून खास खाते घेतले तर प्रत्येक लढाईची कमाई दीडपट होते. सोने मोडून चांदी करता येते आणि त्या चांदीतून जाड कवच भेदणारे महागडे गोळे घेता येतात. आरंभी तर हे गोळे केवळ सोन्यानेच मिळत. २०१२ साली ते चांदीलाही मिळू लागले आणि पैशांनी जय विकायचा नाही असे धोरण कंपनीने २०१३ साली जाहीर केले. ही सुधारणा खरीच होती. पण चांदी कमी पडली की वाट पुन्हा सोन्याच्याच दुकानावरून जाते.

येथे मला किल्ला आठवला. पैसे भरणारा माणूस लढणार कोणाशी? तिसांचा डाव भरायला माणसे हवीत, आणि ती पुरवतो फुकट खेळणारा. माझ्या किल्ल्याला माती फुकट होती आणि मावळे विकत होते. येथे मावळेच फुकट मिळतात, आणि त्या मावळ्यांतला एक मी होतो. दुसऱ्याच्या किल्ल्यावर उभे राहण्याबद्दल मला कोणी पैसे मागत नव्हते, यात नवल ते काय!

एवढे कळल्यावर शहाण्या माणसाने हसून पुढे जावे. मी तसे केले नाही. एका आठवड्यात ओळीने हरलो. नातू शेजारी बसून "असू द्या, आबा" म्हणायचा; त्या 'असू द्या'नेच मी अधिक दुखावलो. एका दुपारी तो शाळेत गेला असताना मी बँकेचे कार्ड काढले, सोने घेतले, ते मोडून चांदी केली आणि गाड्यात महागडे गोळे भरले. संध्याकाळी त्याच्यासमोर खेळलो. एक, दोन, तीन असे शत्रूचे गाडे पेटले. आमची बाजू जिंकली. पोरगे आनंदाने ओरडले, "आबा, तुम्ही आज कमाल केली!"

मी हसलो. आणि रात्री मला झोप आली नाही.

आता कोणी म्हणेल, यात वावगे काय झाले? नियमात जे बसते तेच मी केले. समोरच्यांपैकीही कोणी तसलेच गोळे झाडत असेल. कायद्याचे म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन खेळांबद्दल कायदा केला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. मी एक पैसाही जिंकलो नव्हतो. पेन्शनचा पैसा माझा होता, हौस माझी होती. मग मनाला टोचणी कसली?

उत्तर शोधताना मी आमच्या दौंडच्या रेल्वे कॉलनीत जाऊन पोहोचलो. आम्हां पोरांत बॅट एकाचीच होती. म्हणून पहिली बॅटिंग त्याची. त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही. पण एके दिवशी त्रिफळा उडाल्यावर तो जागेवरून हलेना. आम्ही ओरडलो. तो बॅट घेऊन घरी गेला. आम्ही कोणाच्या तरी घरचे धुण्याचे धोपटणे आणले आणि खेळ पुढे चालू ठेवला. बॅट विकत मिळते. बाद न होणे विकत मिळत नाही. एवढा न्याय दहा-बारा वर्षांच्या पोरांना कोणी न शिकवता कळत होता.

पण येथे माझे वकिली मन पुन्हा उठले. तो गोळा म्हणजे बॅट की बाद न होणे? गोळा झाडायला नेम लागतोच, जागा निवडावी लागतेच. बॅट कोठे संपते आणि बेइमानी कोठे सुरू होते, हे पोलादाच्या जाडीवरून ठरवता येईना. शेवटी मला आधार मिळाला तो आमच्या रनिंग रूममधल्या मेंढीकोटाचा. गाडीची वाट पाहताना आम्ही गार्ड-ड्रायव्हर मंडळी पत्ते कुटत असू. हाती पान असून कोणी हुकूम मारला असा संशय आला, की डाव संपल्यावर सारे हात उलटे करून पाहायचे. चांगला खेळाडू त्याला कधी रागावत नसे. उलट आपणच हात पुढे सरकवी. नियम पाळला की नाही, याहून ही परीक्षा मोठी वाटते. डाव संपल्यावर मला माझा हात उघडा टाकता येतो का? मी नातवापासून ते गोळे लपवले होते. ते मला लपवावेसे वाटले, यातच माझा निवाडा होऊन चुकला होता.

तरीही मी बोललो नाही. तेरा वर्षांच्या मुलापुढे हार कबूल करायला सत्तरीच्या माणसाला किती जड जाते, हे त्या वयाला पोहोचल्याखेरीज कळायचे नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे नगरला गेलो. शिरूरहून पन्नासेक किलोमीटर. गावाचे नाव आता अहिल्यानगर आहे. माझ्या जिभेला नगरच येते. तेथे लष्कराच्या चिलखती दलाचे केंद्र आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. नातू पाखरासारखा एका गाड्यावरून दुसऱ्याकडे धावत होता. "आबा, ही मटिल्डा! ही व्हॅलेंटाइन! हा जपानी ची-हा माझ्याकडे आहे!" मग तो एका गाड्याच्या पोलादाला हात लावून एकदम गप्प झाला. "आबा, ह्याच्या आत चार माणसे कशी मावत असतील हो?" खेळात गाडा पेटला की आपण परत गॅरेजात येतो. आतली माणसे कोठे जातात, हे तेथे कोणी विचारीत नाही.

मी त्याला बाहेरच्या झाडाखाली बसवले आणि अरुण खेत्रपाल यांची गोष्ट सांगितली. पुण्यात जन्मलेला एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट. पलटण पूना हॉर्स. १८१७ साली उभ्या राहिलेल्या ह्या घोडदळाचा मुक्काम एकोणिसाव्या शतकात पुष्कळ काळ आपल्या शिरूरलाच, घोडनदीच्या छावणीत असे. पुढे घोडे गेले आणि रणगाडे आले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याने पेट घेतला. मागे फिरण्याचा हुकूम आला. माझी तोफ अजून चालते आहे, मी गाडा सोडणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले आणि ते लढता लढता पडले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. त्या रणगाड्याचे नाव 'फामागुस्ता'. फामागुस्ता हे सायप्रस बेटावरचे बंदर आहे. आणि आमचा खेळ चालवणाऱ्या कंपनीचे मुख्य ठाणेही आज त्याच बेटावर, निकोसियात आहे. तो खरा फामागुस्ता डागडुजी करून ह्याच नगरच्या केंद्रात जतन करून ठेवला आहे.

"मग त्यांना मारले कोणी?" नातवाने विचारले.

तीस वर्षांनी, २००१ साली, अरुणचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल आपले जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. ते ८१ वर्षांचे होते. लाहोरला त्यांचा पाहुणचार केला ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी. निरोपाच्या आदल्या रात्री यजमानांनी पाहुण्यांना सांगितले, की तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला. त्याच्या शौर्याला त्यांनी वंदनही केले. त्या लढाईत दोघेही आपापल्या बाजूने इमानाने लढले होते. नासरांनी न सांगितले असते तरी त्यांना कोण जाब विचारणार होते? तरीही बापासमोर त्यांना आपला हात उघडा टाकल्याखेरीज राहवले नाही.

हे सांगता सांगता माझा घसा दाटून आला. युद्धात कोणी बरोबरीचा डाव मागत नाही. तेथे जड तोफ आणणे हा गुन्हा नव्हे. असे असून तेथला माणूस तीस वर्षे मनात बाळगलेली गोष्ट बोलू शकला, आणि मी एका खेळातली बोलू शकत नव्हतो.

"बाळ," मी म्हणालो, "त्या दिवशी मी जिंकलो ना, ते गोळे मी पैसे भरून घेतले होते. तुझ्यापासून लपवले."

तो जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला माहीत होतं, आबा. गॅरेजात उरलेले दिसत होते."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही एवढे खूश झाला होता."

नंतर आम्ही शिरूरची एसटी पकडली. तो खिडकीशी बसला आणि सुप्याच्या पुढे झोपी गेला. त्यानेही आपला एक हात इतके दिवस झाकून ठेवला होता, तो माझ्यासाठी. माझे लपवणे आणि त्याचे लपवणे एकाच मापाने मोजावे का, याचा विचार मी अजून करतो आहे.

उरलेले गोळे आम्ही वापरले नाहीत. साध्या गोळ्यांनी खेळतो, बहुधा हरतो. यंदा दिवाळीला दोघांनी मिळून अंगणात किल्ला केला. माती घोडनदीच्या काठची. मावळे बाजारातून आणले, आणि किती रुपयांचे, ते शेजारच्या पोरांना त्याने आपणहून सांगून टाकले.